मोटारीचा ‘एसी’ रुसला, तर...

‘गॅस संपला’ हे एसीच्या दुखण्याचे सर्वांत सोपे निदान. मात्र गॅस संपत नसतो, तो गळतो. आणि अनेकदा दुखणे गॅसचे नसतेच. गॅरेजची पायरी चढण्यापूर्वी वाहनधारकाने काय पाहावे आणि गॅरेजमध्ये काय विचारावे, याचा हा आढावा.

चैत्र सरत आला की शहरांतील एसी दुरुस्तीच्या गॅरेजांपुढे मोटारी ताटकळू लागतात. गेल्या उन्हाळ्यात व्यवस्थित चालणारा एसी यंदा कोमट वारा फेकतो आहे, ही बहुतेकांची तक्रार. त्यावरचे उत्तरही ठरलेले असते, ‘गॅस संपलाय, भरून घ्या.’ अर्ध्या तासात गॅस भरला जातो, जाळीतून गार वारा येऊ लागतो आणि बिल चुकते करून वाहनधारक समाधानाने घरी जातो. दोन-तीन महिन्यांत, कधी दोन आठवड्यांतच, वारा पुन्हा कोमट होतो. मग पुन्हा तेच गॅरेज, तेच निदान आणि तेच बिल.

या चक्राच्या मुळाशी एक गैरसमज आहे. एसीतील गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांच्या मार्गातून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. रबरी नळ्या आणि सांध्यांतून वर्षाकाठी काही ग्रॅम गॅस झिरपून जातो, हे खरे. पण एका हंगामात थंडावा नाहीसा होण्याइतका गॅस कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे, असाच त्याचा अर्थ होतो. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. शिवाय कोंदलेला फिल्टर, बंद पडलेला पंखा, उडालेला फ्यूज, सैल झालेला पट्टा यांपैकी कोणत्याही कारणाने वारा गार येईनासा होतो आणि यांतील काही दोष किरकोळ खर्चात दूर होतात.

थंडावा येतो कोठून?

मोटारीचा एसी केबिनमधील उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. त्यामागचे तत्त्व घरातील माठाचेच आहे. माठाच्या अंगावर पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, त्या वाफेसाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते आणि पाणी गार होते. एसीमध्ये पाण्याची जागा ‘आर-१३४ए’ हे रसायन घेते. वातावरणाच्या सामान्य दाबाला ते उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळते. गॅरेजच्या भाषेत यालाच ‘गॅस’ म्हणतात, प्रत्यक्षात मात्र नळ्यांच्या काही भागांत ते द्रवरूपात असते.

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर हा गॅस दाबतो. दाबामुळे तापलेला गॅस रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो आणि तेथे उष्णता बाहेरच्या हवेला देऊन त्याचा द्रव होतो. हा द्रव ड्रायरमधून जाताना त्यातील ओलावा शोषला जातो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद छिद्रातून बाहेर पडताच त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये तो उकळू लागतो. कॉइल गारठते, ब्लोअर तिच्यावरून हवा ढकलतो आणि तीच हवा जाळीतून आपल्या अंगावर येते. हवेतील बाष्प कॉइलवर साचते आणि त्याचे पाणी नळीवाटे गाडीखाली ठिबकते. उभ्या गाडीखाली दिसणारे हे स्वच्छ पाणी यंत्रणा चालू असल्याची खूण होय. पाणी खाली न पडता पुढच्या सीटखालचा गालिचा ओला होत असेल, तर ती नळी तुंबली आहे असे समजावे.

या साखळीतील कोणतीही एक कडी निकामी झाली, तरी वाहनचालकाला जाणवते ते एकच, ‘एसी गार करत नाही.’ दोष कोणत्या कडीत आहे, हे मात्र लक्षणे नीट पाहिल्यास बरेचसे कळते.

पहिला प्रश्न : वारा कमी, की वारा कोमट?

ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवूनही जाळीतून येणारी हवा मंद असेल, पण जी येते ती गार असेल, तर गॅसचा संशय घेण्याचे कारण नाही. अशा वेळी आधी केबिन फिल्टर पाहावा. बहुतेक मोटारींत तो डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्समागे असतो आणि हाताने काढता येतो. बांधकामांची धूळ, वाळलेली पाने आणि केस यांनी तो वर्षभरात बुजून जातो. फिल्टर काढून काही मिनिटे एसी चालवला आणि वारा जोरात आला, तर निदान झाले. फिल्टर बदलून काम भागते.

फिल्टर स्वच्छ असूनही वारा मंद असेल, तर ब्लोअरची मोटर किंवा तिच्या वेगाचे नियंत्रण करणारा रेझिस्टर तपासावा लागतो. ब्लोअर केवळ सर्वांत वरच्या वेगावर चालतो आणि खालच्या वेगांवर बंद राहतो, हे रेझिस्टर निकामी झाल्याचे ठळक लक्षण आहे.

वारा भरपूर असूनही तो कोमट असेल, तर दोष पुढच्या साखळीत आहे. मात्र बॉनेट उघडण्यापूर्वी केबिनमधील कळा पाहून घ्याव्यात. बाहेरची हवा आत घेणारी कळ चालू राहिली असेल, तर भर दुपारी ४० अंशांची हवा सतत गार करत राहणे कोणत्याही एसीला जड जाते. तापमानाची कळ चुकून गरम बाजूला सरकलेली असणे, हाही नित्याचा प्रकार आहे.

लक्षणांवरून दोष

गाडी धावताना गार, सिग्नलला कोमट : हे शहरांतील सर्वांत परिचित लक्षण. धावत्या गाडीत समोरची हवा कंडेन्सरला थंड ठेवते; गाडी थांबली की ते काम पंख्याला करावे लागते. पंखा चालत नसेल, मंद फिरत असेल किंवा कंडेन्सरच्या पात्यांत चिखल व कीटक अडकले असतील, तर उष्णता बाहेर पडत नाही. याच वेळी इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढत असेल, तर एसी ताबडतोब बंद करून इंजिनाच्या थंडाव्याची व्यवस्था तपासून घ्यावी. इंजिन तापू लागले की अनेक मोटारींतील संगणक स्वतःहूनच कॉम्प्रेसर बंद करतो.

सुरुवातीला गार, तासाभरात वारा आटतो : लांबच्या प्रवासात हा अनुभव येतो. एसी दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवला की सारे पूर्ववत होते आणि गाडीखाली नेहमीपेक्षा अधिक पाणी पडते. कूलिंग कॉइलवर बर्फ जमून हवेची वाट अडल्याचे हे लक्षण आहे. कॉइलच्या तापमानावर लक्ष ठेवणारा सेन्सर बिघडणे, फिल्टर कोंदणे किंवा गॅस थोडा कमी असणे, ही त्याची कारणे.

सकाळी गार, दुपारी निष्प्रभ : गॅस कमी असणे किंवा कंडेन्सर मळलेला असणे, या दोन्हींमुळे यंत्रणेची शक्ती घटते. सकाळच्या हवेत ती उणीव लपते, दुपारच्या उन्हात उघडी पडते.

चालकाकडे गार, शेजारी कोमट : गरम आणि गार हवेचे मिश्रण करणाऱ्या झडपा डॅशबोर्डच्या आत असतात. त्यांना हलवणारी लहान मोटर किंवा तार बिघडली की एका बाजूला गरम हवा मिसळत राहते. काही रचनांमध्ये गॅस कमी झाल्यानेही असा फरक पडतो. मात्र झडपेचा दोष असताना कितीही गॅस भरला तरी उपयोग होत नाही.

कधीच गार नाही : कॉम्प्रेसर चालू होतच नाही, किंवा गॅस जवळजवळ निघून गेला आहे. यांतील फरक बॉनेट उघडल्यावर कळतो.

बॉनेट उघडल्यावर

गाडी मोकळ्या जागेत, हँडब्रेक ओढून उभी करावी. सैल कपडे, ओढणी आणि हात पट्ट्यापासून व पंख्यापासून दूर ठेवावेत. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो, याचे भान असावे.

दुसऱ्या व्यक्तीने एसीची कळ दाबली की बऱ्याच मोटारींत कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ‘टक्’ असा आवाज येतो आणि कप्पीच्या मध्यभागी असलेली चकती फिरू लागते. हा मॅग्नेटिक क्लच. कप्पी फिरते आहे, पण मधली चकती स्थिर आहे, याचा अर्थ कॉम्प्रेसरला चालू होण्याचा आदेश पोहोचलेला नाही. अशा वेळी फ्यूज आणि रिले प्रथम तपासावेत. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, हेही शहरांतील सोसायट्यांच्या वाहनतळांवर सर्रास आढळणारे कारण आहे. काही नव्या मोटारींत क्लच नसलेले कॉम्प्रेसर असतात; तेथे हा आवाज येत नाही आणि तपासणीसाठी संगणकीय उपकरण लागते.

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. नळ्यांतील दाब फार उतरला, की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला मुद्दाम बंद ठेवतो, कारण कॉम्प्रेसरला वंगण देणारे तेल गॅसबरोबरच फिरत असते. गॅस नसेल तर तेलही पोहोचत नाही. ‘चालतो का पाहू’ म्हणून क्लचला थेट वीज देऊन रिकामा कॉम्प्रेसर चालवत ठेवल्यास तो घासून निकामी होऊ शकतो. मग त्याचा धातूचा चुरा कंडेन्सरपर्यंत पोहोचतो आणि काही शेकड्यांचे काम काही हजारांवर जाते.

कॉम्प्रेसर चालू असेल, तर केबिनकडून परत येणारी जाड नळी पाहावी. यंत्रणा ठीक असताना ती गार असते आणि दमट हवेत तिला घाम फुटतो. बारीक नळी गरम असते, कधी चटका बसण्याइतकी, म्हणून ती हाताने धरू नये. दोन्ही नळ्यांच्या तापमानात फरकच दिसत नसेल, तर गॅस कमी आहे किंवा कॉम्प्रेसरची दाब देण्याची क्षमता गेली आहे. यापुढचे काम जाणकार कारागिराचे आणि मापकांचे.

थर्मामीटरची कसोटी

‘गार वाटतो’ आणि ‘गार वाटत नाही’ यावरून वाद होतात. थर्मामीटरवरून होत नाहीत. साधा डिजिटल थर्मामीटर मधल्या जाळीत ठेवावा. गाडी सावलीत उभी करून इंजिन किंचित वाढीव वेगावर, एसी पूर्ण गार, आतली हवा फिरवण्याची कळ चालू आणि ब्लोअर मध्यम वेगावर ठेवून दहा मिनिटांनी आकडा पाहावा. बाहेरच्या तापमानापेक्षा १५ ते २० अंशांनी कमी हवा येत असेल, तर यंत्रणा सामान्यतः ठीक आहे. मुंबई आणि कोकणातील दमट हवेत हा फरक थोडा कमी भरतो, कारण एसीची बरीच शक्ती हवेतील बाष्पाचे पाणी करण्यात खर्च होते. दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा आकडा टिपून ठेवला, तर पैसे कशाचे दिले हे स्पष्ट राहते.

गॅस गेला कोठे?

गॅस खरोखरच कमी असेल, तर पुढचा प्रश्न गळतीचा. सांध्यांतील रबरी ओ-रिंग वाळून कडक होतात. कॉम्प्रेसरच्या दांड्याजवळील सील झिजते. पुढच्या वाहनाच्या चाकांनी उडवलेला खडा कंडेन्सरला भोक पाडतो. कूलिंग कॉइल तर सतत ओल आणि धूळ यांच्या संगतीत असल्याने गंजते. गॅसबरोबर तेलही बाहेर येते; म्हणून एखाद्या सांध्याभोवती तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला, तर तो गळतीचा पत्ताच समजावा.

डाग दिसला नाही, तर नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याचे बुडबुडे पाहतात, गळती हुंगणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण फिरवतात किंवा गॅसमध्ये रंगद्रव्य मिसळून काही दिवसांनी अतिनील दिव्याखाली त्याची चमक शोधतात. कूलिंग कॉइलची गळती सर्वांत खर्चिक, कारण अनेक मोटारींत तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो. म्हणूनच कॉइलवर दोष ठेवण्यापूर्वी गळतीचा पुरावा दाखवण्याची मागणी करणे वाहनधारकाच्या हिताचे आहे.

मापाने भरायचा गॅस अंदाजाने

अनेक गॅरेजमध्ये दाबमापकाचा काटा पाहून गॅस भरला जातो. येथे भौतिकशास्त्राचा एक साधा नियम आड येतो. इंजिन बंद असताना आणि नळ्यांत थोडा तरी द्रव शिल्लक असताना दाब गॅसच्या वजनावर अवलंबून नसतो, तो केवळ तापमानावर ठरतो. हवा ३० अंशांवर असेल, तर आर-१३४ए चा हा दाब साधारण ९५ ते १०० पीएसआय असतो. मग गॅस पुरेसा असो वा निम्मा. इंजिन चालू असतानाचे दाब निदानाला उपयोगी पडतात, परंतु तेही हवामान, पंखा आणि इंजिनाचा वेग यांनुसार बदलतात. गॅस नेमका किती आहे, हे वजनानेच कळते.

हे वजन प्रत्येक मोटारीसाठी ठरलेले असते आणि ते बहुधा बॉनेटखालच्या छोट्या पट्टीवर ग्रॅममध्ये छापलेले असते. अनेक लहान मोटारींत ते ३५० ते ५०० ग्रॅमच्या आसपास असते. इतक्या लहान मापात ‘थोडा जास्त घातला’ तर कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, दाब वाढतो आणि थंडावा उलट घटतो.

योग्य रीत अशी. जुना गॅस यंत्राने काढून त्याचे वजन पाहायचे, गळती दुरुस्त करायची, उघडलेल्या सांध्यांच्या ओ-रिंग बदलायच्या, व्हॅक्यूम पंपाने किमान अर्धा तास नळ्या निर्वात करायच्या, तो निर्वात टिकतो की नाही हे पाहायचे आणि मग पट्टीवरील वजनाइतकाच गॅस व योग्य प्रकारचे तेल भरायचे. निर्वात करण्याचे काम टाळणे महागात पडते. नळ्यांत राहिलेल्या ओलाव्याचा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये बर्फ होऊ शकतो आणि तेलाशी संयोग होऊन आम्लही तयार होते. दाब पुरेसा उतरला, की हा ओलावा साध्या तापमानालाच उकळून वाफेच्या रूपाने निघून जातो.

स्वस्त गॅसचा मोहही टाळलेला बरा. ज्वलनशील वायूंची भेसळ असलेला गॅस केबिनमध्ये गळल्यास आगीचा धोका असतो. २०११ मध्ये जहाजांवरील शीत-कंटेनरांच्या यंत्रांत बनावट आर-१३४ए मधून मिथाइल क्लोराईड गेल्याचे उघड झाले. अ‍ॅल्युमिनियमशी त्याचा संयोग होऊन हवा लागताच पेट घेणारे रसायन तयार झाले आणि त्या स्फोटांत कामगारांचे बळी गेले. मोटारीच्या एसीतील कंडेन्सर व कॉइलही अ‍ॅल्युमिनियमचीच असतात.

हवेत सोडलेला गॅस

जुन्या मोटारींतील ‘आर-१२’ हा गॅस ओझोनच्या थराला मारक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानंतर मागे पडला आणि त्याची जागा आर-१३४ए ने घेतली. तो ओझोनला धक्का लावत नाही, मात्र शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता अडवून ठेवतो. ४५० ग्रॅम गॅस हवेत सोडणे म्हणजे सुमारे ६४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडणे. लिटरला १५ किलोमीटर धावणाऱ्या पेट्रोल मोटारीने मुंबई ते दिल्ली हे अंतर तीनदा कापले, तर तिच्या धुरांड्यातून साधारण एवढाच वायू बाहेर पडतो. दरवर्षी गळका एसी भरून घेणारा वाहनधारक खिशाबरोबर हवेचेही नुकसान करत असतो.

यावर जागतिक पातळीवर २०१६ मध्ये किगाली येथे करार झाला. भारताने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली असून देशातील कपात २०३२ पासून टप्प्याटप्प्याने करायचे ठरले आहे. काही नव्या मोटारींत ‘आर-१२३४वायएफ’ हा गॅस वापरला जातो. त्याचा तापमानवाढीतील वाटा नगण्य आहे, मात्र तो सौम्य ज्वलनशील आणि महाग आहे. दोन्ही गॅसांची सरमिसळ करू नये. कोणता भरायचा, हेही बॉनेटखालची पट्टीच सांगते.

इलेक्ट्रिक मोटारींचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्याला विशिष्ट, वीजरोधक तेल लागते. नेहमीचे तेल त्यात गेल्यास विजेच्या गळतीचा दोष उद्भवतो. नारिंगी रंगाच्या वायरी दिसल्या, की घरगुती तपासणी तेथेच थांबवावी. काही इलेक्ट्रिक मोटारींत बॅटरी थंड ठेवण्याचे कामही याच यंत्रणेकडे असल्याने तेथील बिघाड केवळ सुखसोयीचा राहत नाही.

बिलावर काय असावे?

दुरुस्तीनंतर वाहनधारकाने पाच गोष्टी लिहून घ्याव्यात. यंत्रणेतून किती ग्रॅम गॅस निघाला, गळती कोठे सापडली, कोणता भाग बदलला, निर्वात किती वेळ ठेवला आणि किती ग्रॅम गॅस भरला. जाळीतील तापमानाचे दोन आकडे त्यासोबत असले, तर उत्तम. निघालेला गॅस पट्टीवरील वजनाइतकाच असेल, तर गॅसची तक्रार मुळातच चुकीची होती आणि दोष अन्यत्र शोधायला हवा, हे तेथल्या तेथे सिद्ध होते.

उरलेली काळजी फारशी खर्चिक नाही. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर आधी काचा उघडून मिनिट-दोन मिनिटे गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग काचा लावून आतली हवा फिरवावी. लांबच्या प्रवासात मात्र अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी; बंद केबिनमधील शिळ्या हवेने चालकाला पेंग येते. गाडी धुताना कंडेन्सरवर पाण्याची हलकी धार सोडावी, जोराच्या फवाऱ्याने त्याची पाती वाकतात. हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे तेल फिरून सील ओले राहतात. आणि एसी कितीही उत्तम असला, तरी बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नये, तसेच उन्हातल्या गाडीत ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून मुलांना किंवा वृद्धांना ठेवून जाऊ नये. इंजिन बंद पडले किंवा एसी रुसला, तर बंद केबिन तापायला तेवढा वेळही पुरतो.